तिसरा शंख

प्रिय मोए,

हे पत्र लांबणार आहे, तेव्हा आधी बाळाला झोपव, चष्मा शोध आणि मगच वाचायला बस. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं दिसेल, पुढे जाता जाता बारीक होत जाईल. आळशीपणा म्हणू नकोस, हात आता असाच चालतो. सकाळची गोळी घेतली की तासाभराने तो माझं ऐकू लागतो आणि पुन्हा अडून बसेपर्यंत एखादं पान होतं. आज शनिवार. पाद्रीणबाई गुरुवारी चर्चच्या बायकांच्या मेळाव्याला ऑकलंडला निघतात, त्यांच्या टोप्यांच्या खोक्यात तळाशी हे पत्र येईल. वाचणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आहे. तुझ्याकडून वाचून घेतील, एवढंच.

गुरुवार चुकवून चालणार नाही, कारण महिनाअखेरीला आपली लेक सुलाता तुझे तिथे कायमचं राहण्याचे कागद भरणार आहे. दोन रविवारांपूर्वी तूच मला हे फोनवर सांगितलंस. माझ्या बहिणीने, फुआतिनोने, आपला फोन करवंटीला टेकवून माझ्यासमोर ठेवला होता. तू पडद्यावर बाळाला खांद्यावर घेऊन बसली होतीस आणि म्हणालीस, "पेले, पाच महिने झाले, तू माझ्याशी धड चार शब्द बोलला नाहीस. नुसता तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. चेहरा बघ तुझा! रागावलायस तर रागावलोय म्हण ना. इथे निदान हे तान्हं पोर तरी माझ्याकडे बघून हसतं." मग थोडं थांबलीस आणि हळूच म्हणालीस, "मी नकोच असेन तुला, तर तसं सांग. लेक म्हणतेच आहे, राहीन इथे." मी बोललो, मोए. मी तुला उत्तर दिलं. तू पलीकडून "काय? काय पुटपुटतोस?" करत राहिलीस, बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला. फुआतिनो माझ्या अगदी मांडीला मांडी लावून बसली होती. तिनेही विचारलं, "काही म्हणालास का रे?"

बोटीच्या धक्क्यावरही असंच झालं होतं. तुला वाटतं, तू जाताना मी खांबासारखा उभा राहिलो, हात हलवला नाही की हाक मारली नाही. सुलाताचं पोट चिरून बाळ काढलं, ती पोर तिथे एकटी, आणि हा माणूस बायकोला पाठवताना रुसून बसलाय, असं तू त्या दिवशी फुआतिनोला म्हणालीस, ते मला कळलं. मी हाक मारली होती. बोटीचं दार वर चढायला लागलं तेव्हा असेल नसेल ती सगळी शक्ती लावून "लवकर ये" म्हणून ओरडलो होतो. माझ्या शेजारी नारळाची पोती घेऊन उभा असलेला माणूससुद्धा वळला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आवाज आपल्याला आत मोठा ऐकू येतो आणि बाहेर पडतच नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

रविवार. हात उठेपर्यंत चर्चची घंटा झाली. आज गेलो नाही, इथूनच गाणी ऐकली. भरती होती, पाणी प्रवाळाच्या भिंतीवरून आत येत होतं आणि घराच्या छपराखाली त्याचा उजेड हलत होता. तुला एक सांगायचं आहे. तू रोज येतेस. दुपारी, गोळी उतरायला लागते आणि मी धड जागाही नसतो, धड झोपलेलाही नसतो, तेव्हा तू समुद्राकडच्या खांबाला टेकून बसलेली दिसतेस. केवड्याच्या पात्या मांडीवर घेऊन चटई विणत असतेस. कधी तुझ्याबरोबर अलेकीकाकाही असतात, जाऊन एकतीस वर्षं झालेले, आणि ते आपली जुनी लाल लुंगी नेसून नुसतेच समुद्राकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, या औषधाने असं दिसतं, घाबरू नका, गोळी कमी करू. मी म्हटलं, जरा थांबा. घाबरतो कोण? तू काही बोलत नाहीस, मीही बोलत नाही. आपण दोघं तिथे अगदी बरोबरीचे असतो. फक्त चटई कधी पुढे सरकत नाही, तेवढं जरा चुकतं.

आता जे लपवलं ते सांगतो. तू गेल्यानंतर दुसऱ्या महिन्यात रविवारच्या जेवणाला तारोच्या कंदाचा घास माझ्या घशात अडकला. खोकायला गेलो तर खोकलाच येईना. म्हणजे छातीतून उबळ निघे आणि ओठापर्यंत येईतो तिची फुंकर होऊन जाई. समोर फुआतिनो अळूच्या पानातलं नारळाचं दूध बोटाने निपटत होती आणि पाद्रीबुवांच्या प्रवचनाला नावं ठेवत होती. माझे डोळे बघून तिने पानावरून उडी मारली आणि पाठीत असा रट्टा घातला की घास पार कुत्र्यापर्यंत गेला. मग मला धरून रडली. मग मला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये बसवून, बोटीने पलीकडे, आपियाच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तुला कळवणार नाही असं वचन मी तिच्याकडून बायबलवर हात ठेवून घेतलं. तिला बोल लावू नकोस. ती तीन-चार महिने हे पोटात ठेवून आहे, आणि तिच्या पोटात काही राहत नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, त्या बिचारीचे किती हाल झाले असतील बघ.

तिथे पेरिसे भेटली. फिजिओथेरपी करते, आपल्या सुलाताहून लहान, केसात फूल आणि आवाज सरपंचाचा. तिने आधी मला खोकून दाखवायला सांगितलं. कोंबडीचं पिल्लू शिंकावं तसं काहीतरी निघालं. मग माझ्या हातात एक नळी दिली, तिला पुढे एक यंत्र, आणि म्हणाली, "आजोबा, पूर्ण श्वास घ्या आणि जीव खाऊन फुंका." मी म्हटलं, "पोरी, मी गावाचा शंख फुंकणारा आहे. तुझं यंत्र फुटेल." ती म्हणाली, "फोडा, मलाही बघायचंय." मी नळी ओठात धरली, डोळे मिटले, आणि मैदानाच्या टोकाला नीरफणसाखाली उभा आहे असं समजून फुंकलं. तीन वेळा. डोळे उघडले तेव्हा ती आकड्याकडे बघत होती आणि हसत नव्हती. माझ्या वयाच्या माणसाचा जेवढा जोर असावा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. मोए, मी त्या खुर्चीत बसून म्हटलं, यंत्र बिघडलंय. फुआतिनोने माझ्या हातून नळी हिसकावली आणि फुंकली. आकडा धाडकन वर गेला. यंत्र चांगलं होतं.

पेरिसेने मग मला नीट समजावलं. म्हणाली, "फुप्फुसं छान आहेत तुमची. पण ती स्वतः हलत नाहीत. बरगड्यांमधले, पोटावरचे, खालच्या पडद्याचे स्नायू त्यांना ओढतात आणि दाबतात. हात कसा ताठ आणि संथ झालाय तुमचा? तेही तसेच झालेत. कंपवात नुसता हातात राहत नाही, आजोबा. आवाज त्यामुळेच खाली गेलाय, खोकला त्यामुळेच पडलाय. चेहऱ्याचंही तेच, तिथेही स्नायूच असतात." मी विचारलं, "म्हणजे मी रागावलेला दिसतो तो...?" ती म्हणाली, "तुम्ही आत्ता हसताय का?" मी खरंच हसत होतो. तिला दिसलं नव्हतं. तिने समोरच्या काचेत दाखवलं, आणि त्या काचेतला तो म्हातारा मलाही आवडला नाही. तू दर रविवारी त्याच्याशी बोलत होतीस.

तिने मला मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची नळी दिली आहे, आत स्प्रिंग असलेली. दिवसातून पाच फुंका पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस. स्प्रिंग आवळत जायची. फुआतिनो समोर बसून मोजते आणि मी चुकारपणा केला की म्हणते, "ही फुंक होती की उसासा? पुन्हा!" तीन महिने झाले. पेरिसेने खरं ते आधीच सांगितलं होतं, "याने खोकल्याला जोर येईल, घास अडकला तर बाहेर पडेल. आवाज थोडा चढेल. रोग जाणार नाही. आणि शंखाचं मी काही वचन देत नाही." खोकला सुधारलाय. मागच्या आठवड्यात खोकलो तर कोंबड्या उडाल्या.

सोमवार. आज तेवढं बरं नाही, थोडंच लिहितो. तुला न कळवण्याचं कारण तू विचारशील. पहिलं कारण सुलाता आणि बाळ. दुसरं कारण मी स्वतःशीसुद्धा उशिरा कबूल केलं. तू हे ऐकून आली असतीस, धावत आली असतीस, आणि मग माझ्या छातीला कान लावून बसली असतीस. चाळीस वर्षं तू माझ्याकडे जशी बघत आलीस, तशी नंतर बघितली नसतीस. आजारी माणूस म्हणून बघितलं असतंस. मला ते नको होतं. त्यापेक्षा तू मला रागीट समजलेली परवडली, असं मला वाटलं. किती मूर्ख असतो माणूस.

मंगळवार. काल दुपारी छान झोप लागली आणि स्वप्नात मी प्रवाळाच्या भिंतीपलीकडे पाण्याखाली होतो, भाला घेऊन, पूर्वीसारखा. श्वास रोखलेला होता आणि रोखलेलाच राहत होता, संपतच नव्हता. निळे मासे माझ्या कानाशी येऊन जात होते. वर बघितलं तर होडीचं बूड आणि तुझे दोन पाय पाण्यात सोडलेले. मला वर यायची घाई नव्हती. जाग आली तेव्हा छाती धपापत होती आणि बाहेर पहिल्या शंखाची वेळ झाली होती.

तर शंखाकडे येतो. तू फोन ठेवलास त्या रविवारनंतरचा बुधवार. मी रोजच्यासारखा संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळेला नीरफणसाखाली गेलो. पहिला शंख फुंकला, माणसं घराकडे वळली. दुसरा फुंकला, घराघरांत गुडघे टेकले गेले, गाणी सुरू झाली, तरुण पोरं रस्त्याकडेला ओळीने उभी राहिली. सालेलोलोगाच्या धक्क्याहून आलेली बस वेशीवर थांबली, आतली माणसं टोप्या काढून बसली. रोजचं सगळं. गाणी संपली. तिसऱ्यासाठी मी शंख ओठाला लावला आणि फुंकला. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकला. हवाच. तिसऱ्यांदा तर तीही नाही. आणि मग पायही अडले, तुला माहीत आहेत ते, जमिनीला चिकटल्यासारखे. मी शंख ओठाला लावून तसाच उभा. आणि आपलं गाव! तिसरा शंख झाल्याशिवाय हलेल तर ते आपलं गाव कसलं? एकेका घरातून दुसरं गाणं सुरू झालं, मग तिसरं. पाद्रीबुवांनी योनाची गोष्ट मुळापासून सांगायला घेतली. चुलींवर मासे करपल्याचा वास यायला लागला. बसमधलं एक बाळ रडून रडून झोपलं. रस्त्यावरच्या पोरांना मागे वळून बघायचं नसतं, म्हणून ती समोर बघत उभीच. आकाश जांभळं झालं, मग काळं झालं, वटवाघळं माझ्या डोक्यावरून नीरफणसात येऊन बसली, आणि मला वेड्यासारखं वाटत राहिलं, की माझ्या श्वासामुळे आता हे सगळं असंच राहणार, कुणी म्हातारं होणार नाही, कुणी मरणार नाही, आणि ऑकलंडमध्ये कुणी कागदही भरणार नाही. खोटं कशाला बोलू, थोडा वेळ ते बरं वाटलं.

शेवटी फुआतिनोचा धीर सुटला. सा, म्हणजे प्रार्थनेची ती बंदीची वेळ, चालू असताना ती घराबाहेर पडली, आजवर गावात कुणी पडलं नव्हतं ती, आणि मैदान ओलांडून धावत आली. माझ्याकडे बघितलं आणि बोंबललीच, "उठा रे! संपली प्रार्थना! माणूस इथे पुतळा होऊन उभाय आणि तुम्ही गाताय काय?" सा मोडल्याबद्दल तिला माशांचे दहा डबे दंड झाला. तिने भरला. आणि दंडाचे डबे उघडले तेव्हा पंगतीत बसून त्यातले दोन तिनेच खाल्ले.

त्या अंधारात उभा असताना मला आपली पहिली संध्याकाळ आठवत होती. तू ती गोष्ट किती लग्नांत सांगितली आहेस! तू मावशीकडे यायला बसमधून उतरलीस, हातात खेकड्यांची टोपली, आणि तेवढ्यात दुसरा शंख झाला. रस्त्यावर पहाऱ्याला मी होतो. मी म्हटलं, "खाली बसा." तू म्हणालीस, "खेकडे मरतील." मी म्हटलं, "खेकड्यांनाही प्रार्थना करू दे." तू भिंतीशी बसलीस. एका खेकड्याची दोरी सुटली आणि तो माझ्या पायावर चढला, मला हलायची सोय नव्हती, आणि तू पदर तोंडाला लावावा तशी टोपलीचं पान तोंडाला लावून हसत होतीस. मग तुझी गोष्ट पुढे जाते, की त्या दिवशी म्हातारे अलेकीकाका तिसरा शंख फुंकायच्या वेळेला पेंगले, म्हणून सा अर्धा तास लांबली, म्हणून आपली ओळख झाली. "काकांना डुलकी लागली नसती तर मी मावशीकडे जाऊन जेवून झोपले असते," असं तू म्हणतेस आणि सगळे हसतात. मीही हसतो.

मोए, काका पेंगले नव्हते. त्यांनी वेळेवर शंख उचलला होता. मी मैदानाच्या या टोकाला, ते त्या टोकाला. त्यांनी ओठाला लावलेला मला दिसला आणि मी मान हलवली. एवढीशी, नको म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीशी बसलेल्या तुझ्याकडे बघितलं, आणि शंख खाली घेतला. पुन्हा मी मान डोलवेपर्यंत उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पंचांनी त्यांना उभं करून विचारलं, तर म्हणाले, "डुलकी लागली, वय झालं." एक डुक्कर दंड भरला म्हाताऱ्याने. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मरताना शंख मला दिला आणि एवढंच म्हणाले, "माझं एक डुक्कर देणं लागतोस." चाळीस वर्षं मी हे तुला सांगितलं नाही, कारण तुझी गोष्ट ऐकायला छान होती. आज सांगतो, कारण तू म्हणतेस की मला तू नको आहेस. सगळं गाव, पाद्री, पंच आणि बसमधली माणसं उपाशी गुडघ्यावर ठेवली मी तुला आणखी थोडा वेळ बघता यावं म्हणून. आणि तेव्हा तर तुझं नावही मला माहीत नव्हतं.

बुधवार. शेवटचं पान. गेल्या शुक्रवारी मला गावच्या बैठकीत बोलावलं होतं. कावा पिण्याची करवंटी फिरली, आणि मुख्य पंच सौमानी मोठ्या मानाने म्हणाले, "पेलेनातोने एकतीस वर्षांत एकही संध्याकाळ चुकवली नाही. आता त्याचा श्वास थकलाय. त्याच्या जागी कोण, ते ठरवायचं." मी बोलायला लागलो. कुणाला ऐकू येईना. सौमानींनी हात वर केला, "सगळे गप्प. ती कोंबडी हाकला आधी." मग सगळे पुढे झुकले, आणि पेरिसेने शिकवलं तसा मी पोटापासून श्वास घेतला, एका श्वासाला तीन शब्द, आणि बिंग फोडलं. म्हटलं, मी चुकवल्यात. डेंग्यूच्या वर्षी अकरा संध्याकाळी मी चटईवर फणफणत होतो. वादळाने बोट बंद झाली तेव्हा तीन दिवस आपियात अडकलो होतो. दाढ काढली तेव्हा दोन. त्या सगळ्या संध्याकाळी माझा शर्ट घालून नीरफणसाच्या मागे माझी बायको मोएलागी उभी होती. मग पंचांतला सेफो उसळला, "म्हणजे सोळा दिवस आम्ही बाईच्या शंखावर गुडघे टेकले?" सौमानी म्हणाले, "टेकले ना? देवाने ऐकलं की नाही? डेंग्यूच्या वर्षी तुझंच तारो सगळ्यांत मोठं आलं होतं, सेफो." पंच हसले, आणि सेफोही शेवटी हसला. मग सौमानींनी विचारलं, "तिचा तिसरा शंख कसा होता?" मी खरं तेच सांगितलं. माझ्यापेक्षा चांगला. शेवटी तो जरा वर जातो आणि मग सोडून देतो, तसा मला कधी जमला नाही.

तर आता ठरलंय ते असं. पहिले दोन शंख माझे, नळीच्या जोरावर ते निघतात, थोडे फाटके, पण निघतात. तिसरा मोएलागीचा, असं सगळ्या पंचांनी ठरवून तुला निरोप दिला आहे, आणि तो मी इथे लिहून कळवतो आहे. तोवर तिसऱ्या शंखाऐवजी फुआतिनो गॅसचं रिकामं सिलिंडर बडवते आणि सगळ्यांची डोकी दुखतात. निरोप पोचवला, आता माझं ऐक. बाळ मोठं होईपर्यंत तिथे राहायचं असेल तर राहा, सिलिंडर काही फुटत नाही. आणि आलीस तरी मी बरा होणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. घास बारीक करावे लागतील, चार वेळा "काय?" म्हणावं लागेल. पण मी रागावलोय असं समजून त्या कागदांवर सही करू नकोस. त्या रविवारी तू विचारलंस, आणि मी उत्तर दिलं होतं, ते तुझ्यापर्यंत आलं नाही, माझ्या बाजूला बसलेल्या फुआतिनोपर्यंतही आलं नाही. तेच सांगायला मी हे पाच दिवस लिहितो आहे. मी म्हणालो होतो, "मोए, तुझ्याशिवाय मला श्वास पुरत नाही, घरी ये." शंख धुऊन, उन्हात वाळवून तुझ्या बाजूच्या चटईवर ठेवला आहे.

तुझाच,
पेले